महापूर आणि आपला शेजारधर्म

(मिरजगांव धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें उपकारस्मरणाचें भाषण करावें असा प्रघात आहे. ज्यांनीं येथें पहिली प्रार्थना म्हटली, ज्यांनीं आपल्या घासांतला घास काढून ह्या मंदिराच्या भिंती वर आणिल्या, त्या सर्वांचें स्मरण आज सकाळीं मिस्साबलिदानाच्या वेळीं आपण केलें आहे. त्यांत आतां आम्ही भर घालीत नाहीं. आम्हांस आज दुसऱ्याच एका विषयावर बोलावयाचें आहे. विषय थोडा अवघड आहे, आणि तो मांडतांना आमची स्वतःची एक चूकहि सांगावी लागणार आहे. परंतु आनंदाच्या दिवशीं ती झाकून ठेविली तर हा महोत्सव अपुरा राहील असें आमच्या मनानें घेतलें आहे. म्हणून आपण थोडा वेळ शांतपणें ऐकून घ्यावें अशी विनंति आहे.

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांतील दिवस आपणांपैकीं कोणीहि विसरला नसेल. आपला मुलूख अवर्षणाचा. कर्जत तालुक्यांत जन्मलेल्या मुलास पावसाची वाट पाहणें शिकवावें लागत नाहीं; तें त्यास आईच्या दुधाबरोबरच मिळतें. आपली सीना नदी अहिल्यानगर शहराच्या परिसरांत उगम पावते, निमगांव गांगर्डा येथील धरणांत क्षणभर विसांवते, आणि पुढें बीड, धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांच्या कडेकडेनें जाऊन हत्तरसंग कुडल येथें भीमेस मिळते. वर्षाचे कितीतरी महिने तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळू व वेड्या बाभळीच अधिक दिसतात. लहान मुलें तिला नदी न म्हणतां ओढा म्हणतात, आणि आपणहि त्यांस दुरुस्त करीत नाहीं.

तीच सीना त्या पंधरवड्यांत ओळखूं येईना. अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर ह्या चारहि जिल्ह्यांत एकामागून एक मुसळधार पाऊस पडले. परांडा तालुक्यांत पाण्यानें वेढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरनें उचलून आणावें लागलें. खालीं माढा व मोहोळ तालुक्यांत गांवेंच्या गांवें पाण्यांत उभीं राहिलीं, आणि सोलापूर-पुणें महामार्गावरील वाहतूक लांबोटीजवळ थांबली. काढणीस आलेलें सोयाबीन व उडीद शेतांतच कुजलें. तूर पिवळी पडली. कांद्याचीं रोपें गेलीं. विहिरी गाळानें भरल्या. दावणीस बांधलेलीं जनावरें दावें तोडतां न आल्यामुळें उभ्या जागीं मेलीं. आणि सर्वांत मोठी हानि ती, कीं कित्येकांच्या शेतांतील मातीच खरवडून गेली. पीक गेलें तर एक हंगाम जातो. माती गेली तर बापजाद्यांची कमाई जाते. हाताच्या वितीइतकी काळी माती तयार होण्यास किती शतकें लागतात हें शास्त्रज्ञांस विचारावें. ती जाण्यास एक रात्र लागली.

दुष्काळ आणि महापूर ह्यांत एक मोठा फरक आहे. दुष्काळ पायीं चालत येतो. तो येत असतांना माणसास विचार करण्यास वेळ मिळतो. जनावरें विकतां येतात, पोरांस नातलगांकडे धाडतां येतें. पूर मध्यरात्रीं दार ठोठावीत नाहीं, तें उचलूनच नेतो. म्हणून दुष्काळाशीं झुंजण्याची विद्या ज्या लोकांनीं चार पिढ्यांत कमाविली, ते आपण सर्व त्या रात्रीं अगदीं अननुभवी ठरलों. दोरखंड कोणाकडे आहे, उंच जागा कोणती, एकटी राहणारी म्हातारी माणसें कोठें आहेत, सभागृहाची किल्ली कोणापाशीं आहे, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं तयार नव्हतें.

अशा वेळीं ख्रिस्ती माणसानें काय करावें? लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत आपण शारीरिक दयेचीं सात कृत्यें पाठ केलीं आहेत. भुकेल्यांस अन्न देणें, तान्हेल्यांस पाणी देणें, उघड्यांस वस्त्र देणें, निराश्रितांस आसरा देणें, आजाऱ्यांचा समाचार घेणें, बंदिवानांस भेटणें आणि मृतांस मूठमाती देणें. एरवीं हीं कृत्यें वर्षांतून एखादें असें आपल्या वांट्यास येतें. पुरांत तीं सातहि एकाच वेळीं दारांत येऊन उभीं राहतात. घराच्या पत्र्यावर बसून रात्र काढणारें कुटुंब हें पाण्यानें घातलेल्या बंदिखान्यांतलेंच नव्हे काय? ज्याच्या चोहोंकडे पाणीच पाणी, पण पिण्यास घोट नाहीं, तो तान्हेलाच नव्हे काय?

ही गोष्ट ख्रिस्तसभेस नवी नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे, कीं अगब नांवाच्या संदेष्ट्यानें मोठ्या दुष्काळाची सूचना दिली, आणि क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत तो दुष्काळ पडला. तेव्हां अंत्युखिया येथील शिष्यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें पैसा गोळा केला आणि बर्णबा व शौल ह्यांच्या हातीं तो यहूदीयांतील बांधवांस पोंचविला. प्रिय जनहो, लक्षांत घ्या, कीं शिष्यांस ख्रिस्ती हें नांव ज्या गांवीं प्रथम मिळालें तें गांव अंत्युखियाच होय. आणि तें नांव मिळाल्यावर त्या मंडळीचें जें पहिलें सार्वजनिक कार्य त्या अध्यायांत नमूद आहे, तें आपत्तिनिवारणाचें आहे. त्यांनीं मंदिर बांधिलें असें तेथें लिहिलेलें नाहीं. वर्गणी गोळा केली असें लिहिलें आहे.

पुढें संत पौलानें करिंथ येथील मंडळीस सांगितलें, कीं आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें. संकट आल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां आधींपासून सांठवावें, हा त्यांतील शहाणपणा. आणि दुसऱ्या पत्रांत तो आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. हा पैसा पोंचवितांना तो तीताबरोबर दुसऱ्या एका बंधूस धाडतो. हा बंधु मंडळ्यांनीं स्वतः निवडलेला होता. कारण काय, तर एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतींत कोणास बोट दाखविण्यास जागा राहूं नये. ज्याच्या पवित्रतेविषयीं कोणास शंका नव्हती अशा प्रेषितानेंहि हिशोबास साक्षीदार घेतला. मग आम्हांसारख्या सामान्य धर्मगुरूंनीं किती घ्यावे बरें?

आपल्या ह्या नगर जिल्ह्यांत तर ख्रिस्ती धर्माचा आणि आपत्तीचा संबंध फार जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं जर्मन येशूसंघीय धर्मगुरु ह्या भागांत बैलगाडीनें व घोड्यावरून फिरत होते, त्या काळांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. दुसऱ्यास आपले वडील माणूस अद्यापि छपन्नाचा दुष्काळ म्हणतात. १९०३ सालीं फादर डोरिंग ह्यांनीं सुरू केलेलें 'निरोप्या' मासिक ह्याच मिशनाचें अपत्य. पहिल्या महायुद्धांत ह्या जर्मन धर्मगुरूंस नजरकैदेंत ठेवण्यांत आलें व मायदेशीं धाडण्यांत आलें. परंतु त्यांनीं लाविलेलें झाड सुकलें नाहीं. पुढें स्वित्झर्लंडमधील येशूसंघीय आले. त्यांपैकीं फादर हर्मन बाखर ह्यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं नगर येथील सोशल सेंटरच्या द्वारें जें केलें, त्याचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. त्याकडे आम्ही मागाहून येऊं.

आतां आमची चूक सांगतों.

पाणी ओसरूं लागलें त्या दिवशीं आम्हीं मंदिरामागील सभागृह उघडलें. शहरांतील उदार मंडळींकडून गहूं, तांदूळ, डाळ, तेल आणि चादरी येऊन पोंचल्या होत्या. वाटप शिस्तीनें व्हावें म्हणून यादी पाहिजे. आणि आमच्या हाताशीं धर्मग्रामाचें कुटुंबपुस्तक होतें. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत बसून आम्हीं त्यावरूनच नांवें उतरून घेतलीं. हेतु वाईट नव्हता. जें जवळ होतें तें उचललें, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं एकेक नांव पुकारलें जात होतें. दाराच्या बाजूस एक म्हातारी बाई कोपरापर्यंत चिखलानें भरलेले हात लुगड्यास पुसत उभी होती. ती आपल्या धर्मग्रामांतली नव्हे; नदीकांठच्या वस्तीवरची. पुष्कळ वेळ ती हलेना, तेव्हां आम्हीं जवळ जाऊन विचारलें, "आजी, काय पाहिजे?"

"काय न्हाई, फादर. नाव पुकारत्यात का बघत व्हते."

आम्हीं म्हटलें, "आजी, ही आमच्या मंडळींची यादी आहे. तुमचें नांव हिच्यांत नाहीं."

"व्हय का?" ती म्हणाली. "पाण्यानं कुठं यादी बघितली व्हती, फादर?"

एवढें बोलून ती वळली आणि चालूं लागली. त्या शब्दांत राग नव्हता. असता तर आम्हांस थोडें बरें वाटलें असतें. आम्हांस धर्मगुरु होऊन पंचवीसाहून अधिक वर्षें झालीं. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्हीं किती उपदेश केले असतील ह्याची गणति नाहीं. त्या दाखल्यांत जखमी मनुष्यास पाहून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनें निघून जाणारा एक याजक आहे. त्याच्यावर टीका करतांना आमचा आवाज नेहमींच चढत असे. त्या दिवशीं सभागृहाच्या दारांत, हातांत यादी घेऊन, तो याजक आम्हीच उभे होतों.

आम्हीं वाटप थांबविलें. त्याच संध्याकाळीं शाळेचे शिक्षक, अंगणवाडीच्या ताई, आपल्या धर्मभगिनी आणि गांवांतील सर्व समाजांचे तरुण ह्यांस बरोबर घेऊन वस्तीवस्तीवर हिंडलों, आणि नवी यादी केली. ह्या यादींत जातधर्माचा रकाना नव्हता. कोणाचें घर पडलें, कोणाच्या घरीं कमावता मनुष्य नाहीं, कोठें बाळंतीण आहे, कोठें अंथरुणास खिळलेला आहे, एवढेंच तींत लिहिलें. त्या आजीच्या घरीं गेलों तेव्हां तिनें आम्हांस बसावयास पोतें दिलें आणि झाल्या गोष्टीचा उल्लेखहि केला नाहीं. धान्याची पिशवी तिनें घेतली, आणि मग म्हणाली, "दोन भाकरी मला कुनीबी दील फादर. म्हशीला कोन दील?"

तोंपर्यंत वैरणीचा विचार आमच्या डोक्यांत आलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं कडब्याच्या पेंढ्यांसाठीं निरोप धाडले. ज्या दुभत्या जनावरावर कुटुंबाचा संसार चालतो तें जगलें, तर कुटुंब दानावर जगत नाहीं. हें आम्हांस त्या बाईनें शिकविलें.

त्या दिवसांत नवरात्र चालूं होतें. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली होती. देवीच्या मंडळांतील तरुणांनीं मांडवासाठीं जमविलेली वर्गणी पूरग्रस्तांकडे वळविली. स्वतः उपवास करणाऱ्या बायांनीं आमच्या चुलीवर इतरांसाठीं भाकऱ्या थापल्या. मशिदींतील तरुणांनीं पाण्याचे टँकर आणिले. आपल्याच सीनेच्या कांठीं, चौंडी येथें, अहिल्याबाईंचा १७२५ सालीं जन्म झाला. त्यांनीं देशभर घाट, विहिरी व धर्मशाळा बांधिल्या, आणि तेथें पाणी पिणारास त्याची जात विचारण्यास पहारेकरी ठेविले नाहींत. ह्या मातींतील लोकांस परोपकार शिकविण्यास आपण आलों आहों असा भ्रम आपण कधींहि बाळगूं नये. आपल्याजवळ जें विशेष आहे तें इतकेंच, कीं भुकेल्याच्या रूपानें आपला प्रभु स्वतः दारीं येतो, असें त्यानें स्वमुखानें आपणांस सांगून ठेविलें आहे. म्हणजे आपली जबाबदारी अधिक आहे. मोठेपणा अधिक नाहीं.

त्या दिवसांत आणखी कांहीं गोष्टी शिकावयास मिळाल्या. त्या लहान आहेत, परंतु पुढें उपयोगी पडतील म्हणून सांगतों.

पहिली गोष्ट जुन्या कपड्यांची. कोठून तरी एक टेंपो भरून कपडे आले. त्यांत फाटकीं सदरे होते, एकेका पायाचे बूट होते, लग्नांत मिरविण्याचे जरीचे पोषाख होते. ते निवडण्यांत आमच्या तरुणांचे तीन दिवस गेले, आणि त्यांतील बहुतेक शेवटीं पुरावे लागले. जें आपण स्वतः अंगावर घालणार नाहीं तें दुसऱ्यास देणें हें दान नव्हे. ती घराची साफसफाई होय.

दुसरी गोष्ट छायाचित्रांची. मदत देतांना फलक धरून फोटो काढण्याची हल्लीं रीत पडली आहे. एका शाळकरी मुलानें पिशवी घेतांना तोंडावर हात धरला. त्यास विचारलें तर म्हणाला, "वर्गातली पोरं बघतील." त्या दिवसापासून आमच्या सभागृहांत घेणाऱ्याचा फोटो काढणें बंद झालें. डाव्या हातास उजव्याचें कळूं नये, असें ज्या प्रभूनें सांगितलें त्याच्या मंदिरांत तरी हें घडूं नये.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. शिधापत्रिका, सात-बारा, बँकेचें पुस्तक, मुलांचे दाखले, हें सर्व भिजून लगदा होत चाललें होतें. आणि त्यावांचून पंचनामा नाहीं व सरकारी साह्यहि नाहीं. आपल्या वेदीसेवक मुलांनीं मंदिरांतील बांकांवर वर्तमानपत्रें अंथरून ते कागद एकेक सोडवून पंख्याखालीं वाळविले. दोन दिवस प्रार्थनेस आलेले लोक जमिनीवर बसले. आमच्या मतें त्या बांकांचा इतका पवित्र उपयोग पूर्वीं क्वचितच झाला असेल.

चौथी गोष्ट आजारांची. पूर गेल्यावर रोग येतात. चिखलांत अनवाणी हिंडल्यानें लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, घाण पाण्यानें हगवण लागते, आणि बिळांत पाणी शिरल्यानें साप घरांत येतात. आपल्या धर्मभगिनींनीं घरोघर जाऊन बायांस शिकविलें, कीं पाणी उकळून प्यावें. आणि मुलास जुलाब होऊं लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजावें, व दवाखान्यांत न्यावें. एक चिमूट ज्ञान एका पोत्या धान्याइतकें मोलाचें असतें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. एक आपल्याच घरांतला आहे, दुसरा बाहेरचा.

घरांतले लोक म्हणतात, आपल्याच गरिबांस पुरत नाहीं, मग इतरांस कां? आणि ते संत पौलाचें वचन पुढें करितात, कीं विश्वासाच्या घराण्यांतील लोकांचें विशेषतः बरें करावें. खरें आहे. परंतु त्या वचनाची सुरुवातच मुळीं सर्वांचें बरें करण्याच्या आज्ञेनें होते. विशेष म्हणजे केवळ नव्हे. पौलाचा हेतु असा, कीं जग जिंकावयास निघालेल्यानें आपल्या भावास उपाशी ठेवूं नये. भावाच्या नांवावर शेजाऱ्यास उपाशी ठेवावें, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं. ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधी असा जो रोमन बादशहा जूलियन, त्यानें इ. स. ३६२ च्या सुमारास आपल्या एका पुरोहितास लिहितांना तक्रार केली, कीं हे गालीली लोक स्वतःच्या गरिबांसच नव्हे तर आमच्याहि गरिबांस पोसतात. विरोधकाच्या तोंडून निघालेलें ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र ख्रिस्तसभेस आजवर मिळालें नसेल. आपल्याविषयीं अशी तक्रार करण्यास आज कोणास जागा आहे काय?

बाहेरचे लोक म्हणतात, ही मदत म्हणजे धर्मांतराचें आमिष. ह्या आरोपानें आपण चिडून जातों. पण चिडण्याचें कारण नाहीं. उत्तर शब्दांनीं न देतां वागण्यानें द्यावें. परमपूज्य पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रांत स्पष्ट केलें आहे, कीं प्रीतीचें कार्य हें दुसरें कांहीं साधण्याचें साधन नव्हे. प्रीति फुकट असते. आमच्या सभागृहांत भाकरीबरोबर पुस्तक दिलें गेलें नाहीं, आणि नांव लिहून घेतांना कोणास प्रार्थनेस येण्याचा आग्रह झाला नाहीं. ज्यास आपल्या प्रभूविषयीं विचारावयाचें असेल तो विचारील, आणि आपण आनंदानें सांगूं; पण उपाशी मनुष्यास उत्तर देणें भाग पडेल असा प्रश्न आपण विचारूं नये.

मदतीचा पहिला जोर ओसरला, कीं खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या आठवड्यांत सर्वच धांवतात. तिसऱ्या महिन्यांत कोण येतो, तें पाहावें. राज्य सरकारनें ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं ३१,६२८ कोटि रुपयांचें साह्य जाहीर केलें. त्यांत खरवडून गेलेल्या जमिनीसाठीं हेक्टरीं ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीच्या कामांतून ३ लाख रुपयांपर्यंत तरतूद सांगितली गेली. ही रक्कम लहान नव्हे. परंतु जाहीर झालेली रक्कम आणि शेतकऱ्याच्या हातीं पडलेली रक्कम ह्यांच्या मध्यें अर्ज, पंचनामे, खातेउतारे आणि हेलपाटे असतात. अक्षरओळख नसलेल्या बाईस ह्या वाटेनें हात धरून नेणें हेंहि दयेचें कृत्यच होय. सातांच्या यादींत तें नाहीं म्हणून त्याची योग्यता कमी होत नाहीं.

फादर बाखर ह्यांचें स्मरण येथें करावयाचें. १९७२ च्या दुष्काळांत उपाशी लोकांस धान्य पाहिजे होतें. तें नुसतें वाटणें सोपें होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं धान्याच्या बदल्यांत काम दिलें, आणि त्या कामांतून विहिरी, ताली व बांध उभे राहिले. लोकांचा स्वाभिमान राहिला, आणि पुढच्या पावसाचें पाणी गांवांत राहिलें. ह्याच विचारांतून पुढें पाणलोटाचें कार्य वाढलें, आणि १९९३ सालीं 'वॉटर' नांवाची संस्था त्यांनीं फादर क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह स्थापिली. २०२१ च्या सप्टेंबरांत ते देवाघरीं गेले. धांवत्या पाण्यास चालावयास लावावें, चालत्यास थांबवावें आणि थांबलेल्यास जमिनींत जिरवावें, हें पाणलोटाचें काम करणाऱ्यांच्या तोंडीं असलेलें सूत्र दुष्काळासाठीं जितकें खरें, तितकेंच पुरासाठींहि खरें आहे. उघड्या माळावरून पाणी सुसाट सुटतें तेव्हां तें मातीस बरोबर घेऊन जातें. बांध घातल्यानें अतिवृष्टीचा महापूर अडेल असें आम्ही म्हणत नाहीं. तशी खोटी आशा कोणी दाखवूं नये. परंतु आपल्या शेतांतली माती आपल्या शिवारांत राहील, एवढें तरी होईल.

आपल्या प्रांतानें पुष्कळ आपत्ति पाहिल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटून पुण्यांत हाहाकार झाला. २००५ च्या जुलैंत मुंबई बुडाली. २०१९ च्या ऑगस्टांत कोल्हापूर व सांगली पाण्याखालीं गेलीं. त्यांत ब्रह्मनाळ येथें लोकांस सोडविण्यासाठींच निघालेली नाव उलटून कित्येक जीव गेले. २०२१ च्या जुलैंत चिपळूण व महाड ह्यांवर तोच प्रसंग आला. भारतीय बिशपमंडळानें १९६२ सालीं स्थापिलेली कॅरितास इंडिया आणि निरनिराळ्या धर्मप्रांतांच्या समाजसेवा संस्था अशा वेळीं धांवून जातात, त्याबद्दल आपण देवाचे आभार मानितों. परंतु कोणतीहि मोठी संस्था पहिल्या रात्रीं येऊं शकत नाहीं. पहिली रात्र शेजाऱ्याची असते. आणि ब्रह्मनाळची नाव आपणांस हेंहि सांगते, कीं नुसतें शौर्य पुरत नाहीं, पूर्वतयारीहि पाहिजे.

आतां महोत्सवाकडे वळूं. महोत्सव हा शब्द आपण रोषणाई व जेवणावळ ह्या अर्थानें वापरूं लागलों आहों. पवित्र शास्त्रांत, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत, महोत्सवाचें वर्ष म्हणजे काय तें सांगितलें आहे. त्या वर्षीं ज्याची जमीन गेली त्यास ती परत मिळावी, जो कर्जापायीं दास झाला तो मोकळा व्हावा, आणि भूमीस विसांवा मिळावा. महोत्सवाची खूण जमीन परत मिळणें ही आहे. आणि आमच्या शेजाऱ्यांची जमीन तर नदीनें नेली आहे! अखिल ख्रिस्तसभेनें २०२५ हें पवित्र वर्ष आशेचें वर्ष म्हणून पाळलें. त्याच वर्षीं आपल्या दारांत हा पूर आला. ह्या दोन गोष्टी देवानें एकत्र आणिल्या असतील, तर त्यांचा अर्थ आपण शोधला पाहिजे.

आपल्या महोत्सव समितीनें मंदिरासमोर नवी कमान उभारण्याचें ठरविलें आहे. त्यासाठीं आपण प्रेमानें पैसे दिले आहेत. आम्ही स्वतःहि त्या ठरावास संमति दिली होती. आज आपणां सर्वांसमक्ष आमची विनंति अशी, कीं कमान कांहीं वर्षें थांबावी. तो पैसा तीन कामांस लावावा. पहिलें, ज्यांचीं शेतें खरवडून गेलीं आहेत अशा कोणत्याहि समाजाच्या अल्पभूधारकांस गाळमाती टाकण्यास व बियाण्यास बिनव्याजी हातउसनी रक्कम द्यावी, म्हणजे त्यांस सावकाराच्या पायरीवर जावें लागणार नाहीं. दुसरें, मंदिराच्या सभागृहांत दोरखंड, विजेऱ्या, औषधें, गाळ उपसण्याचा पंप व मोठीं पातेलीं कायम तयार ठेवावीं, आणि प्रत्येक वस्तीवरील वृद्ध, अपंग व एकाकी माणसांची यादी दरवर्षीं मृगाआधीं ताजी करावी. तिसरें, माळावरील बांधबंदिस्तीच्या कामांत गांवाबरोबर आपण खांद्यास खांदा लावावा.

आणि हा निधि एकदांच भरून संपूं नये म्हणून आपल्या माताभगिनींस एक सुचवावेंसें वाटतें. भाकरीचें पीठ काढतांना एक मूठ वेगळ्या डब्यांत टाकावी, आणि रविवारीं ती मंदिरांत आणावी. संत पौलाची आज्ञा आणि आपल्या आजीबाईंची रीत ह्या दोन्ही त्यांत एकत्र येतात. निधीचा हिशोब आम्ही एकटे ठेवणार नाहीं. धर्मग्रामानें निवडलेल्या तिघांनीं, त्यांत एक बाई असावी, तो ठेवावा आणि दर महिन्यास मंदिराच्या दारावर लावावा, म्हणजे येणारा जाणारा कोणीहि वाचूं शकेल.

हें आमचें सांगणें आज्ञा म्हणून नाहीं. आपण समितींत बसून विचार करावा, मतभेद असल्यास मोकळेपणें सांगावा. कदाचित् कोणी म्हणेल, कीं कमानीवांचून महोत्सवाची आठवण काय राहणार? त्यास आमचें उत्तर असें. नदीकांठच्या वस्तीवर ती आजी अजून आहे. तिची म्हैस जगली आणि यंदा व्याली. गेल्या आठवड्यांत ती पितळी गडवा भरून चीक घेऊन आली होती. आम्हीं विचारलें, "आजी, हा कोणासाठीं?" तिनें सभागृहांत खेळणाऱ्या पोरांकडे हात केला आणि म्हणाली, "हितल्या पोरांस्नी." कोणत्या पोरांस, तें तिनें विचारलें नाहीं.

ज्या परमेश्वरानें जलप्रलयानंतर मेघांत धनुष्य ठेवून सर्व प्राणिमात्राशीं करार केला, तो आपल्या सीनेच्या कांठावरील सर्व घरांचें रक्षण करो. त्या पुरांत जे दगावले, त्यांस चिरविश्रांति मिळो. जे उरले, त्यांच्या शेतांत पुन्हां काळी माती आणि तींत पुन्हां ज्वारी उभी राहो. पवित्र माता मरिया आपणां सर्वांसाठीं विनंति करो. आणि पुढच्या वेळीं कोणी आपल्या दारांत उभें राहील तेव्हां आपल्या हातांत यादी नसून भाकरी असो. आमेन.